अर्ध्या एकराच्या तळ्यात पोहायचं का?

ठाणं तलावांचं शहर म्हणून मिरवतं. मासुंदा असो की उपवन, तिथे माणसं फेरफटका मारायला, बोटीत बसायला जातात. पोहण्याचा विषय निघतो तो लहान, माणसाने बांधलेल्या तळ्यांपाशी. घोडबंदर रोडवरच्या गृहसंकुलातलं शोभेचं तळं, येऊरच्या पायथ्याला बंगल्यामागे खोदलेलं तळं, नवी मुंबईत गावठाणालगतचं दगडी कठड्याचं गावतळं, तुर्भ्याच्या अंगाची पाण्याने भरलेली जुनी खदान. मे महिन्यात मुलं विचारतात, उतरू का? कमिटीतलं कोणीतरी म्हणतं, पाण्याची टेस्ट करून घेऊ. टेस्ट करावीच, पण ती दुसरी पायरी. आधी हे बघा की तळ्यात पाणी येतं कुठून आणि आलेलं जातं कुठे.

यातली खदान सुरुवातीलाच बाजूला काढू. तिला काठ असा नसतोच. कातळ उभा तासलेला, त्यामुळे गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट दोन-तीन पुरुष खोलीत पडतं आणि बाहेर येताना धरायला काही सापडत नाही. पाणी निळंशार दिसतं, ते खोल आणि स्थिर असल्यामुळे. दुसरी गोष्ट नवी मुंबईतले धारण तलाव, म्हणजे बोलीतले होल्डिंग पाँड. खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून हे शहर उभं राहिलं, त्यामुळे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही. झडपा मिटतात, पाणी या तळ्यांत थांबतं आणि ओहोटीला निघून जातं. अख्ख्या नोडच्या, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या एका उपनगराच्या, रस्त्यांवरची घाण जिथे मुक्कामाला येते, तिथे पोहण्याचा प्रश्न विचारूच नये. खदान आणि होल्डिंग पाँड या दोन्हींचं उत्तर बाराही महिने ‘नाही’ असंच आहे.

आता उरलेली तळी.

एक पिंप पुरतं

अर्ध्या एकराचं, म्हणजे साधारण २००० चौरस मीटरचं तळं धरू. सरासरी खोली २ मीटर. पाणी झालं ४००० घनमीटर, म्हणजे ४० लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. पण कच्च्या मैलापाण्याच्या दर १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतून आलेले कोलीफॉर्म जंतू दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत असतात. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्र सरकारने २००० साली जे निकष ठरवले, त्यांत हे जंतू १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत असावेत आणि कोणत्याही परिस्थितीत २५०० च्या वर जाऊ नयेत असं म्हटलं आहे. एक कोटीवरून ५०० वर यायला २० हजार पट चांगलं पाणी लागतं. म्हणजे एक लिटर मैलापाणी २० हजार लिटर स्वच्छ पाणी मर्यादेला टेकवतं आणि आपल्या ४० लाख लिटरच्या तळ्याला २०० लिटरचं एक पिंप पुरतं. माणशी रोज शंभरेक लिटर सांडपाणी धरलं, तर हे दोन माणसांचं एका दिवसाचं सांडपाणी झालं.

या हिशेबात जंतू मरत नाहीत असं धरलंय. प्रत्यक्षात ऊन त्यांना मारतं, नितळ पाण्यात लवकर आणि गढूळ पाण्यात फार हळू. गाळात बसलेले मात्र दिवसचे दिवस टिकतात आणि दहा मुलांनी तळ ढवळला की पुन्हा वर येतात. म्हणून सकाळी चांगला आलेला नमुना रविवारी संध्याकाळी वाईट येऊ शकतो, बाहेरून थेंबभर घाण आली नसली तरी.

मैलापाणी कुठून शिरतंय हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये, शेवटचा पाऊस होऊन महिने उलटल्यावर, तळ्याभोवती एक चक्कर मारा आणि तळ्यात उघडणारं प्रत्येक पावसाळी गटार, प्रत्येक पाइप बघा. पाऊस नसताना पावसाळी गटार वाहतंय म्हणजे त्यात कोणीतरी काहीतरी जोडलंय. बहुतेक वेळा वॉशिंग मशीनचा पाइप, एखाद्या दुकानाची मोरी किंवा भरून वाहणारी सेप्टिक टँक. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया तपासायचं छोटं किट मिळतं. त्या धारेत अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर आला, तर पुढे वाद घालण्यात अर्थ नाही, जोडणी शोधायला प्लंबर बोलवा. ही जोडणी तुटेपर्यंत पाण्याची टेस्ट हा निव्वळ खर्च आहे.

दुसरा रस्ता पावसाचा. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तळ्याच्या वरच्या अंगाला दहा एकर पाणलोट असेल आणि त्यावर एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर २० लाख लिटर पाणी पडतं आणि त्यातलं थोडं मुरलं तरी सुमारे १४ लाख लिटर वाहून येतं. म्हणजे एका रात्रीत तळ्याचा एक तृतीयांश. त्यात कुत्र्यांची विष्ठा, उंदरांचं मूत्र, पार्किंगमधलं तेल, कचराकुंडीखालचा राडा. मोठ्या पावसानंतर दोन ते तीन दिवस पाण्यात उतरू नये हा जगभरचा साधा नियम. आपल्याकडे जुलैत तीन दिवस सलग कोरडे मिळाले तर नशीब. तेव्हा जून ते सप्टेंबर तळं पोहण्यासाठी बंद, असा सरळ फलक लावलेला बरा. ऑक्टोबर गाळ बसण्यात जातो. नोव्हेंबर ते मार्च हा खरा हंगाम. एप्रिल-मेमध्ये रोज अर्धा सेंटीमीटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जातं, झिरपतं ते वेगळं. पाणी घटतं, घाण तेवढीच राहते. लोकांना पोहावंसं वाटतं ते नेमकं मेमध्ये आणि पहिल्या पावसात, त्याला इलाज नाही.

अहवाल वाचायचा कसा

प्रयोगशाळेला नुसतं ‘पाणी तपासून द्या’ म्हटलं की ती पिण्याच्या पाण्याचा तक्ता लावते आणि तुम्हाला क्षार, कठीणपणा, क्लोराईड यांचे पंधरा आकडे मिळतात. पोहण्यासाठी त्यांतले बहुतेक बिनकामाचे. ‘आंघोळीच्या पाण्याचे निकष’ असं सांगून मागा: विष्ठेतले कोलीफॉर्म, विष्ठेतले स्ट्रेप्टोकोकाय हे आणखी एका जातीचे जंतू (१०० पर्यंत चांगले, ५०० कमाल), पीएच (६.५ ते ८.५), विरघळलेला प्राणवायू (लिटरला किमान ५ मिलिग्रॅम) आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते तो आकडा (२७ अंशांवर तीन दिवसांची, लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत). कोलीफॉर्म ‘एकूण’ मोजलेत की ‘विष्ठेतले’, हे नीट बघा. एकूणमध्ये मातीतले, पानांवरचेही येतात.

जंतूंचा आकडा एमपीएन या पद्धतीने काढतात: पाणी वेगवेगळ्या प्रमाणात नळ्यांत घालून कितींमध्ये वायूचा बुडबुडा धरतो ते मोजायचं आणि तक्त्यावरून अंदाज बांधायचा. याला दोन ते चार दिवस लागतात, म्हणजे तुमच्या हातात येतो तो गेल्या आठवड्यातल्या पाण्याचा अहवाल. दुसरी खोच मोठी आहे. अहवालात ‘१६०० पेक्षा जास्त’ असं लिहिलेलं असेल, तर ते २५०० च्या आत आहे असं समजून कमिट्या खूश होतात. त्याचा अर्थ एवढाच की सगळ्या नळ्यांत वायू धरला आणि तक्ता तिथे संपला. खरा आकडा दोन हजार असेल नाहीतर दोन लाख. अशा वेळी नमुना आणखी पातळ करून पुन्हा तपासायला सांगा.

नमुना घेताना निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा. काठावरून वाकून वरवरचं पाणी घेऊ नका. जिथे लोक पोहतील तिथे कंबरभर पाण्यात जा, तळ ढवळला असेल तर निवळू द्या, बाटली उलटी धरून फूटभर खाली न्या आणि हातापासून दूर पुढे ढकलत भरा. वर थोडी हवा ठेवा. लगेच बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत दुपारभर फिरलेली बाटली कोणाचीच नसलेली कहाणी सांगते. प्राणवायूचा नमुना वेगळ्या बाटलीत, बुडबुडा न राहू देता, काठोकाठ. आणि आदल्या रात्री ब्लीचिंग टाकून नमुना घ्यायचा असेल, तर तपासणीचे पैसे वाचवा.

एक नमुना म्हणजे एक फोटो. महिन्याभरात पाच घ्या, त्यातला एक गर्दीच्या दिवसानंतरचा. समजा आकडे १००, २००, २००, ४०० आणि ८००० आले. साधी सरासरी १७८०. जंतूंसाठी भूमितीय सरासरी काढतात, म्हणजे पाचही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं पाचवं मूळ. ती येते सुमारे ४१८, म्हणजे ५०० च्या आत. कागदावर तळं पास. पण शहाण्या माणसाने ८००० च्या दिवशी काय झालं होतं हे आधी विचारावं.

हिरवं पाणी

प्राणवायूच्या आकड्यात एक गंमत आहे. ३० अंशांच्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. दुपारी दोनला घेतलेल्या नमुन्यात ११ किंवा १२ आला आणि पीएच ९ च्या पुढे गेला, तर ते शाबासकीचं नाही. पाण्यात शेवाळ इतकं माजलंय की उन्हात ते प्राणवायू ओततंय, आणि रात्री तेच शेवाळ तो पिऊन टाकणार. पहाटे पाच वाजता त्याच जागी २ मिलिग्रॅम मिळेल. मासे पहाटेच्या सुमाराला पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळताना दिसतात आणि ढगाळ दिवसानंतर एका सकाळी पांढरी पोटं वर करून तरंगतात, त्यामागचं कारण बहुतेक वेळा हेच. लोक म्हणतात कोणीतरी विष टाकलं.

माणसाला धोका निळ्या-हिरव्या जंतूंचा, जे शेवाळासारखे दिसतात. त्यांच्यातले काही यकृताला, काही मज्जासंस्थेला बाधणारं विष तयार करतात. पाणी उकळल्याने ते विष जात नाही. ओळखायचं सोपं: काठी फिरवून वर काढा. केसांसारखे हिरवे धागे लोंबले तर साधं शेवाळ. काठीला ऑइलपेंटमध्ये बुडवल्यासारखा थर चढला तर सावध. काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा रंग तळाशी बसण्याऐवजी वर कडं धरून तरंगत असेल, तर तळं बंद करा. वाऱ्याने हा थर एका कोपऱ्यात गोळा होतो आणि नेमकी तिथेच कुत्री पाणी पितात.

हे सगळं पोसतो फॉस्फरस: साबण, डिटर्जंट, लॉनला मारलेलं खत, आणि माशांना घातलेले पाव व कणकेचे गोळे. रविवारी पुण्य म्हणून टाकलेला पाव थेट हिरव्या रंगात उतरतो. निर्माल्याचंही तसंच, शिवाय ते कुजताना प्राणवायू खातं.

आजार कुठले

जुलाब-उलट्या, कानदुखी, अंगाला खाज हे नेहमीचं. मुलं पोहताना मोठ्यांच्या दुपटीने पाणी गिळतात, म्हणून आधी तीच आजारी पडतात. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, वेगळा. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मूत्रातून पाण्यात आलेले जंतू पायावरच्या खरचटीतून किंवा डोळ्या-नाकातून शरीरात शिरतात. पाण्यात उतरल्यानंतर दोन दिवसांपासून महिनाभरात कधीही ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं सुरू झालं, तर डॉक्टरांना तळ्यात उतरल्याचं आपणहून सांगा. ते सांगितलं नाही तर साधा ताप म्हणून चार दिवस जातात आणि लेप्टोत तेच चार दिवस महागात पडतात. अंगावर जखम असेल तर उतरायचं नाही, प्लास्टर लावूनसुद्धा.

मेंदूत शिरणाऱ्या अमिबाची भीती केरळच्या बातम्यांनंतर सगळीकडे पोचली आहे. तो कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात आणि गाळात असतो, पोटातून नव्हे तर नाकातून शिरतो. आजार अत्यंत विरळा, पण झाला तर वाचणारे अगदी थोडे. म्हणून मेच्या उन्हात तापलेल्या उथळ पाण्यात सूर मारणं, बुड्या घेणं, तळाची माती उकरणं टाळा. नाकाला क्लिप लावा.

काय टाकावं, काय टाकू नये

तरणतलावात चालतं म्हणून तळ्यातही ब्लीचिंग पावडर, हा हट्ट प्रत्येक सोसायटीत निघतो. हिशेब बघा. ४००० घनमीटरला लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन म्हणजे ४ किलो क्लोरीन, म्हणजे ताज्या पावडरीचे १२ किलो. पण हिरव्या, गढूळ पाण्यात पहिले कितीतरी मिलिग्रॅम शेवाळ आणि गाळच खाऊन टाकतात. १० मिलिग्रॅम धरले तर १२० किलो. उरलेलं क्लोरीन दुपारच्या उन्हात उडून जातं. मासे मरतात, मेलेलं शेवाळ कुजतं, आठवड्याने पाणी आधीपेक्षा वाईट. मोरचूद (कॉपर सल्फेट) त्याहून धोक्याचं: निळ्या-हिरव्या जंतूंच्या पेशी फोडून आतलं विष एकदम पाण्यात सोडतं. तुरटीने पाणी नितळ होतं आणि फॉस्फरसही काहीसा बसतो, पण नितळ पाणी पाहून लोक बिनधास्त होतात, जंतू थोडेफार शिल्लक असतातच.

उपयोगी पडतात ती कंटाळवाणी कामं. पाणी जिथून शिरतं तिथे गाळ बसायला खड्डा आणि त्यापुढे कर्दळ, वाळा, पाणकणसाचा पट्टा. ही झाडं वर्षातून दोनदा कापून बाहेर न्यायची, नाहीतर शोषलेलं खत कुजून परत पाण्यात जातं. एप्रिलमध्ये गाळ काढायचा आणि तो काठावर ढीग करून ठेवायचा नाही, जूनमध्ये पहिल्याच सरीत तो घरी परततो. कारंजं दिसायला छान, पण वरच्या पाण्यालाच हवा देतं. तळाशी बारीक बुडबुडे सोडणारा डिफ्यूझर आणि काठावर त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर असेल तर फरक पडतो, तो रात्री चालवावा. नवीन बसवल्यावर पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज दुप्पट. एकदम रात्रभर चालवला तर तळाचं सडकं, प्राणवायू नसलेलं पाणी वर येऊन मासे मरतात.

पाण्याखालचं

पाणी चांगलं असूनही माणूस बुडतो, त्याचं कारण बहुतेकदा तळ. विसर्जन होणाऱ्या तळ्यात गाळाखाली लाकडी पाट, खिळे, तारा, काथ्या, पीओपीचे तुकडे राहतात. ज्या भागात विसर्जन होतं तो गॅबियनची, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेली, भिंत घालून वेगळा केलेला असेल तरच दुसऱ्या भागाचा विचार करावा. पोहण्याच्या पट्ट्यातला उतार दहा फुटांना एक फूट इतका सौम्य हवा, आणि चार फूट खोलीवर तरंगत्या फुग्यांची दोरी. ‘खोली ५ फूट’ असा रंगवलेला फलक मार्चमध्ये बरोबर असला तरी ऑगस्टमध्ये चूक ठरतो, म्हणून पाण्यात रोवलेली मोजपट्टीच हवी.

पाणी किती पारदर्शक आहे हे रोज मोजायचं. २० सेंटीमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी, चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे, मधून दोरी, दर १० सेंटीमीटरला गाठ, खाली वजन. सकाळी दहा ते दुपारी दोनमध्ये, सावलीच्या बाजूने सोडा. १.२ मीटरच्या आत दिसेनाशी झाली, तर त्या दिवशी पोहणं नाही. नियम कडक वाटतो. पण बुडालेलं मूल काठावरून दिसलं नाही तर जीवरक्षक असून नसल्यासारखा.

मग वीज. कारंज्याचा पंप, पाण्यातले दिवे, त्यांच्या जुन्या केबली. गोड्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, शरीरात क्षार जास्त म्हणून तिला माणसातून जायला सोपं जातं. १०-२० मिलिॲम्पिअरला स्नायू आखडतात, हातपाय हलत नाहीत आणि धडधाकट पोहणारा आवाज न करता खाली जातो. साधी एमसीबी एवढ्याशा गळतीला पडत नाही, ती १६ ॲम्पिअरची असते. पाण्यातल्या प्रत्येक जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवी आणि महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबून ती पडते का ते बघायचं. त्याउपर, कोणी पाण्यात असताना कारंजं बंद आणि मुख्य स्विच खाली. पाण्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं तर जिकडून आलात तिकडेच वळा. काठावरच्याने उडी न मारता आधी मेन बंद करायचा.

कोणी बुडतंय तेव्हा

बुडणारा ओरडत नाही. तोंड पाण्याला टेकलेलं, मान मागे, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, आणि हे एका मिनिटाच्या आत संपतं. लहान मुलाच्या बाबतीत त्याहूनही लवकर. पट्टीचा पोहणारा नसाल तर उतरू नका, घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतो. काठावर लांब बांबू आणि फेकायला काहीतरी कायम ठेवा: ५ लिटरचा रिकामा तेलाचा कॅन, फेकताना वाऱ्याने भरकटू नये म्हणून आत पेलाभर पाणी, घट्ट बूच, आणि १५ मीटर नायलॉन दोरी. तो कपाटात कुलूपबंद असेल तर नसल्यातच जमा.

बाहेर काढल्यावर पोट दाबणं, पाय धरून उलटं गरगर फिरवणं हे आपल्याकडे अजून चालतं. त्याने पोटातलं पाणी घशात येऊन फुप्फुसात जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. पाठीवर सपाट झोपवा. श्वास नसेल तर हनुवटी वर उचलून, नाक दाबून तोंडाने आधी ५ श्वास द्या (काही प्रशिक्षणांत २ शिकवतात). मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा दाब, ५ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, मग २ श्वास, पुन्हा ३०. तोवर दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन करायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. माणूस उठून बसला, बोलायला लागला, ‘मी बरा आहे’ म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात न्या आणि काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा. फुप्फुसात गेलेलं तळ्याचं पाणी त्रास द्यायला पुढचे काही तास घेतं, आणि त्याबरोबर गेलेला गाळ दोन दिवसांनी न्यूमोनिया घेऊन येतो.